कारखान्याची धूळ, घराचा पत्ता

विडी वळणाऱ्या बाईचा सगळा हिशेब हजारावर चालतो. मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि हात बसलेला असला तरी हजार विड्यांना आठ-दहा तास जातात. दहा तास धरले तर एका विडीच्या वाट्याला छत्तीस सेकंद येतात. तेवढ्यात कापलेले पान उचलायचे, चिमटीने तंबाखू भरायची, पान वळायचे, तोंड मोडायचे, दोरा गुंडाळायचा. पाने भिजत घालणे, पत्र्याचा फर्मा ठेवून ती कात्रीने कापणे, कट्टे बांधणे आणि माल ब्रँचवर नेऊन देणे हे त्याशिवाय. एका विडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू असते. म्हणजे रोज हजारी पुरी करणाऱ्या बाईच्या बोटांतून वर्षाच्या तीनशे दिवसांत साठ किलोच्या आसपास तंबाखू जाते, आणि ही तंबाखू सिगारेटच्या तंबाखूपेक्षा निकोटीनला जास्त तेज असते. हे सारे घडते तिच्या राहत्या खोलीत. मांडीवर सूप, शेजारी स्टोव्ह, पलीकडे पाण्याची घागर आणि कोपऱ्यात निजलेले मूल.

देशात नोंदलेले विडी कामगार सुमारे पन्नास लाख आहेत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि त्या स्त्रियांतल्या बहुतेक घरी बसून काम करणाऱ्या. महाराष्ट्रात सोलापूर हे या धंद्याचे सर्वांत मोठे गाव. तिथल्या विडी कामगार बायांची संख्या साठ-सत्तर हजार सांगितली जाते. सिन्नर, संगमनेर, नगर, कामठी, गोंदिया, भंडारा ही या नकाशावरची जुनी नावे. त्यांतल्या काही ठिकाणी धंदा आता ओसरला आहे. सीमेपलीकडचे निपाणी तंबाखूच्या वखारींचे गाव. पान गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातून येते, तंबाखू निपाणी किंवा गुजरातेतल्या चरोतरातून, आणि दोन्ही एकत्र येतात ते सोलापुरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत. या खोलीत काम करणाऱ्या बाईच्या शरीराचे काय होते, हा या लेखसंग्रहाचा विषय आहे.

नव्या वाचकाला वाटेल की हा विषय अलीकडचा असावा, तंबाखूविरोधी मोहिमांबरोबर आलेला. तसे नाही. तंबाखू दख्खनला पोर्तुगीजांकडून मिळाली. अकबराचा दरबारी असदबेग विजापुराहून परतला तेव्हा, १६०४-०५च्या सुमारास, त्याने ती नवलाची वस्तू म्हणून बादशहापुढे ठेवली. पुढे शंभर वर्षेही झाली नव्हती तोच १७०० मध्ये इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ छापला, आणि त्यात तंबाखू दळणाऱ्या-कुटणाऱ्या कामगारांवर स्वतंत्र प्रकरण घातले. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, सतत शिंका ही लक्षणे त्याने नोंदवली. तंबाखूची जाती ओढणारे घोडेसुद्धा त्या धुळीने मान झाडतात, खोकतात आणि नाकपुड्यांतून फुरफुरतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस’ हेही विचारावे, असा आग्रह धरणारा वैद्य तो हाच. तेव्हा ‘तंबाखूची धूळ माणसाला बाधते का’ हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. उत्तर माहीत असून ते आपल्याकडे कुणाच्या उपयोगी का पडले नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. ते कामगार कायद्यात सापडते. म्हणून या प्रस्तावनेत मी आधी कायद्याकडे वळणार आहे आणि मग फुप्फुसाकडे.

धंदा म्हणून विडीचा उदय विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रेल्वेने मध्य प्रांतातले तेंदूपान आणि गुजरातची तंबाखू यांची गाठ घालून दिली. जबलपूर, गोंदिया, कामठी इथे कारखाने उभे राहिले. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला, त्याचाही फायदा विडीला झाला. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१च्या अहवालात विडीच्या कोंदट, अंधाऱ्या खोल्यांबद्दल आणि त्यांत राबणाऱ्या लहान मुलांबद्दल लिहिले. चाळीसच्या दशकात रेगे समितीने या धंद्याची पाहणी केली. या जुन्या अहवालांत कारखान्याची हवा, गर्दी, उजेड यांबद्दल जे आहे ते वाचताना आश्चर्य वाटते, कारण जागा कुणाची होती हे त्यांत स्पष्ट आहे. ती कारखानदाराची होती, निदान सट्टेदाराची, म्हणजे मधल्या कंत्राटदाराची. कुणाला तरी जबाबदार धरता येत होते.

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांपुढे एक गमतीदार मालिका सुरू झाली. मध्य प्रांताच्या सरकारने शेतीच्या हंगामात काही गावांत विडी वळायला बंदी केली होती, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली चिंतामण राव खटल्यात ती बंदी घटनाबाह्य ठरवली. मूलभूत हक्कांच्या अगदी सुरुवातीच्या निवाड्यांपैकी हा एक. त्यात न्यायालयाने म्हटले की शेतात राबू न शकणारी अपंग माणसे, म्हाताऱ्या बायका, मुले हेही विडी वळून चार पैसे मिळवतात, त्यांना का रोखायचे? निकाल योग्यच होता. पण विडी म्हणजे रिकाम्या वेळचे, दुबळ्या हातांचे काम, हे चित्र त्यातून डोळ्यांपुढे येते, आणि ते चित्र नंतर फार दिवस टिकले. सोलापुरात घर चालते ते विडीवर, हे त्या चित्रात बसत नाही.

पुढचा वाद होता विडी वळणारा ‘कामगार’ आहे का. नागपूरकडच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात न्यायालयाने म्हटले, आहे. कारण दिवसाअखेर नापास विड्या बाजूला काढण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर देखरेख त्याची आहे. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, १९६१ मध्ये, शंकर बाळाजी वाजे खटल्यात बहुमताने उलट निकाल आला: हा माणूस वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, म्हणून कारखाना कायद्याखाली तो कामगार नाही आणि त्याला रजेचा पगारही नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते. या दोन निकालांत मला पहिल्यातला तर्क महत्त्वाचा वाटतो. ‘छाट’ हा शब्द विडी कामगार बाईच्या तोंडी शिवीसारखा येतो. वळलेल्या विड्यांतून कारकून ज्या बाजूला टाकतो, ज्यांची मजुरी मिळत नाही आणि ज्या परतही मिळत नाहीत, ती छाट. तिचा घाम फुकट जाण्याची ही जागा न्यायालयाच्या दृष्टीने ती नोकरीत असल्याचा पुरावा ठरली.

हा घोळ मिटवण्यासाठी संसदेने १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याची जन्मकथा अभिमानाने सांगण्यासारखी आहे. कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला या कायद्याने नोकर मानले. घरी बसून काम करणाऱ्या इतक्या मोठ्या समूहाला कायद्याने कामगार म्हणण्याची उदाहरणे तेव्हा जगातही फारशी नव्हती. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि १९८५ मध्ये घरी वळणाऱ्या बायांनाही तो लागू असल्याचे न्यायालयाने सांगितले. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरे, कर्करोगाच्या उपचारांचा खर्च, चष्म्यासाठी मदत अशा योजना आल्या. संघटनांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली ही कमाई आहे, ती कमी लेखण्याचे कारण नाही.

पण १९६६च्या कायद्यात एक कंस होता. ‘औद्योगिक जागा’ म्हणजे काय हे सांगताना त्याने म्हटले होते: खाजगी राहते घर सोडून. स्वच्छता, हवा खेळती ठेवणे, गर्दी टाळणे, संडास-मुताऱ्या, पाळणाघर ही आरोग्याची सारी कलमे औद्योगिक जागेला लागू. बाई कामगार, पण तिची कामाची जागा म्हणजे जागाच नव्हे. तिचा पगार कायद्याच्या कक्षेत आणि तिचा श्वास कक्षेबाहेर. शिवाय स्वतःच्या घरात घरच्या माणसांच्या मदतीने स्वतःचा धंदा करणाऱ्याला कायदा लागू नाही, असे ४३ वे कलम सांगत होते. त्यातून पळवाट निघाली: बाईला पान-तंबाखू विकल्याचे आणि तिच्याकडून विड्या विकत घेतल्याचे कागद रंगवले की ती कामगार उरत नाही, छोटी व्यापारी होते.

मालकांनी हा कंस वाचायला वेळ लावला नाही. कायद्याचा खर्च नको म्हणून कारखाने बंद करायचे आणि काम घराघरांत वाटायचे, हा प्रकार देशभर झाला. केरळात कण्णूरला कारखानदारांनी असे दरवाजे लावले तेव्हा तिथल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था काढली आणि काम पुन्हा शेडमध्ये आणले. तिथे एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे विड्या वळत ऐकायचे, ही केरळातल्या विडी कामगारांची जुनी रीतही टिकली. इतरत्र मात्र कारखाना घरात शिरला आणि तिथेच राहिला. मुलांच्या बाबतीतही तेच. १९८६च्या बालकामगार कायद्याने विडीचे काम मुलांना बंद केले. पण घरच्यांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. रोजच्या विड्यांची नोंद होते त्या लॉगबुकात आईचे एक नाव, आणि वळणारे हात तिचे, सासूचे, शाळेतून आलेल्या मुलीचे. या मुलीने किती धूळ घेतली याचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही.

आता शरीराकडे. या अभ्यासाची वैद्यकीय शाखा आपल्याकडे सत्तरच्या दशकात रुजली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतल्या तंबाखू शेतमजुरांचा आणि प्रक्रिया कामगारांचा अभ्यास केला. ओल्या, हिरव्या पानांना हात लागल्याने त्वचेतून निकोटीन शरीरात जाते आणि उलट्या, चक्कर, डोकेदुखी होते, हा ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ त्यांनी इथल्या शेतात दाखवून दिला. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात विडी उद्योगातल्या कामगारांवर जे काम केले, ते या विषयाचा पाया समजले जाते. तंबाखूच्या कामात असलेल्यांच्या लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटीनचा शरीरात झालेला अवशेष, आढळले. पेशींमधल्या गुणसूत्रांना इजा झाल्याच्या खुणाही आढळल्या. विडी न ओढणाऱ्या बाईच्या रक्तापर्यंत विडी पोचते, हे यातून मोजून सिद्ध झाले. वखारीत तंबाखू चाळणारी-कुटणारी बाई आणि घरी वळणारी बाई यांच्या अंगावर पडणारी धूळ सारखी नसते. वखारीतली जास्त, हे खरे. पण वखार संध्याकाळी बंद होते.

त्यानंतर कर्नाटक, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, तेलंगण अशा ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पाहण्या होत राहिल्या आणि त्यांतून जवळपास एकच यादी पुन्हा पुन्हा पुढे आली: खोकला, दमा, छाती भरणे, फुप्फुसाची घटलेली क्षमता, मान, पाठ, कंबर, गुडघे, डोळ्यांची जळजळ, बोटांच्या पेरांना पडलेले घट्टे, रक्तक्षय. या यादीतला सर्वांत मोठा भाग, माझ्या मते, तंबाखूचा नाही, बैठकीचा आहे. मांडी घालून, मान खाली, खांदे पुढे, मांडीवर सूप, अशी दहा तासांची बैठक वीस-पंचवीस वर्षे. बाया स्वतः बोलताना आधी कंबर सांगतात, मग मान, मग डोळ्यांपुढची अंधारी. खोकला विचारल्यावर सांगतात, कारण खोकला म्हणजे आजार हे त्यांना पटलेलेच नसते. तंबाखू आली की ठसका येणारच. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी इतकी गुळगुळीत होते की बोटाचा ठसा यंत्राला ओळखू येत नाही, आणि मग रेशनसाठी किंवा पेन्शनसाठी तीच बाई पुन्हा रांगेत.

गर्भारपणाचा प्रश्न नाजूक आहे. विडी कामगार स्त्रियांची बाळे कमी वजनाची जन्मतात, असे सांगणारे अभ्यास आहेत आणि निकोटीनबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी ते जुळते. पण इथेच सावध राहायला हवे. ही बाई गरीब आहे, ती पोटभर जेवत नाही, तिच्या खोलीत धूर आहे, घरातला पुरुष तिथेच विडी ओढतो. आणि महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल शहरी संशोधक विचारायला विसरतात: मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावायची सवय आपल्याकडच्या बायांत जुनी आहे आणि विडीच्या कामात तंबाखू हाताशीच असते. मग लघवीतले कोटिनिन सुपातले किती आणि मिश्रीतले किती? चांगला अभ्यास मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बाया वेगळ्या काढतो. घाईचा अभ्यास सगळ्यांना एकाच रकान्यात घालतो आणि मग कारखानदाराच्या वकिलाचे काम सोपे होते. या पुस्तकात हा फरक पाळण्याचा प्रयत्न आहे. जिथे कार्यकारण सिद्ध आहे तिथे तसे म्हटले आहे, जिथे नुसता संशय आहे तिथे संशय म्हटले आहे.

आणखी एक अडचण पद्धतीची आहे. कारखान्यातला आजारी कामगार काम सोडतो, त्यामुळे उरलेले कामगार प्रत्यक्षापेक्षा निरोगी दिसतात, हे या शास्त्राला माहीत आहे. घरच्या कामात उलटे होते. दम लागणारी बाई काम सोडत नाही. हजाराच्या आठशे करते, आठशेच्या पाचशे. तिच्या आजाराची एकमेव सलग नोंद कुठे असेल तर तिच्या लॉगबुकात, घटत जाणाऱ्या आकड्यांत. ती वही दवाखान्यात कुणी मागत नाही. संशोधकांनी यापुढे ती मागावी, असे मी सुचवीन.

सोलापूरचेच एक उदाहरण घ्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत नवरा गिरणीत किंवा मागावर आणि बायको सुपापाशी, ही मांडणी तीन-चार पिढ्यांची. सुती धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. तंबाखूच्या धुळीचे त्या यादीत नाव नाही. एका घरात दोन धुळी. एकीला कायद्यात नाव, दुसरीला नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा घर दुसऱ्या धुळीवर चालले.

स्त्री-अभ्यासाने या विषयात वेगळी वाट काढली. झरीना भट्टी यांनी अलाहाबादच्या विडी कामगार स्त्रियांचा अभ्यास १९८१ मध्ये केला. मारिया मीस यांचे नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवरचे पुस्तक १९८२चे. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या बाईला ‘गृहिणी’ ठरवले की तिची मजुरी किती पाडता येते, हे त्यांनी दाखवले. नरसापूरच्या लेसला धूळ नव्हती, पण युक्तिवाद विडीला तंतोतंत लागू पडतो. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ अहवाल दिला आणि स्वयंरोजगारातल्या, असंघटित बायांच्या आरोग्याला त्यात जागा मिळाली. मराठी वाचकाला सर्वांत जवळचे काम छाया दातार यांचे. निपाणीच्या वखारींतल्या तंबाखू कामगार बाया संघटित कशा झाल्या, यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये आले. त्याआधी १९८२ मध्ये दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने त्याच बायांबरोबर माहितीपट केला होता. त्यात तंबाखूच्या धुळीत उभ्या असलेल्या बाया दिसतात आणि बोलतातही. निपाणी म्हटले की आपल्याला १९८१चे शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातला गोळीबार आठवतो, तो आठवायलाच हवा. त्याच गावात त्याच सुमारास बाया आठ तासांचा दिवस आणि किमान वेतन मागत होत्या, हे मात्र कुणाच्या आठवणीत नाही.

कामगार संघटनांबद्दल थोडे अवघड बोलावे लागेल. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याने विडी कामगार बायांसाठी जे केले त्याला तोड नाही. कुंभारी इथली कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, २००६ मध्ये बायांच्या हाती आली. घर हीच कामाची जागा असेल तर खिडकी असलेले, आपल्या नावावरचे घर हा आरोग्याचाच कार्यक्रम आहे. दवाखान्याच्या कितीतरी आधीचा. तरीही संघटनांनी, डाव्या असोत की उजव्या, आजाराचा प्रश्न मजुरीच्या मागणीमागे ठेवला. कारण समजण्यासारखे आहे. ‘विडी वाईट’ असे एकदा म्हटले की पुढचे वाक्य ‘विडी बंद करा’ असे येते, आणि बंद झाली तर खायचे काय? हीच भीती मालकांनी चलाखीने वापरली. तंबाखूवर कर वाढला किंवा पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्र मोठे झाले की मोर्च्याच्या पुढे बायाच चालतात.

तंबाखू नियंत्रणाची शाखा या बाईकडे सर्वांत उशिरा पोचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याचे १७ वे कलम तंबाखू कामगारांना दुसरा रोजगार देण्याबद्दल आणि १८ वे त्यांच्या आरोग्याचे रक्षण करण्याबद्दल आहे. ओढणाऱ्यांसाठी कायदा, दंड, चित्रे, मोहिमा झाल्या. वळणाऱ्यांसाठीची ही दोन कलमे बहुतांशी कागदावर राहिली. दुसरा रोजगार म्हणून शिवणयंत्र आणि पापड याच्यापुढे कल्पना गेलेली नाही. पन्नाशीची, दृष्टी अधू झालेली, मान आखडलेली बाई शिवणकाम शिकून विडीइतके तरी कमवील, असे ज्यांना वाटते त्यांनी आठवडाभर सुईत दोरा ओवून पाहावा.

हे सगळे आताच का? कारण पायाखालची जमीन सरकते आहे. जीएसटी आला आणि २०१७ मध्ये विडीवरचा उपकर गेला. म्हणजे कल्याण निधीचा स्वतःचा झरा आटला आणि योजना सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आल्या. १९६६चा कायदा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत विलीन झाला. एका धंद्यासाठी लढून घेतलेली स्वतंत्र कलमे सर्वसाधारण संहितेत किती उरतील, याची शंका संघटनांना आहे आणि मलाही आहे. घरगुती कामाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६च्या १७७ व्या करारावर भारताची सही अजून नाही. दुसरीकडे विडीचा खप घटतो आहे, तरुण मुली या कामात यायला तयार नाहीत, आणि ते चांगलेच आहे. पण म्हणूनच पुढच्या वीस वर्षांत सुपापाशी उरतील त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या, सर्वाधिक धूळ खाल्लेल्या बाया. त्यांचे आजार आता उतरणीला लागलेल्या धंद्याच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे होतील, ही भीती खरी आहे.

या संग्रहात डॉक्टर आहेत, कायद्याचे अभ्यासक आहेत, संघटनेतले कार्यकर्ते आहेत आणि विडी वळणाऱ्या बाया आहेत. त्यांचे एकमेकांशी पटतेच असे नाही. एका लेखात मास्क आणि हातमोज्यांचा आग्रह आहे. दुसऱ्यात एक बाई म्हणते की हातमोजा घालून दोरा बांधून दाखवा. संपादकांनी हा विसंवाद मिटवला नाही हे बरे केले. माझे स्वतःचे मत असे की दर हजारी मजुरी वाढवणे हा या विषयातला सर्वांत प्रभावी आरोग्य-उपाय आहे, कारण बैठकीचे तास दर ठरवतो. हजाराऐवजी सहाशे विड्यांत घर चालले तर मान, फुप्फुस, डोळे या तिघांनाही चार तास मिळतात. त्याखालोखाल वस्तीजवळ हवेशीर शेड, जिथे काम घराबाहेर काढता येईल आणि तान्ह्या मुलाला तंबाखूपासून दूर ठेवता येईल. तिसरी गोष्ट नुकसानभरपाईच्या यादीत तंबाखूच्या धुळीचे नाव. तिन्ही गोष्टी मालकाच्या खिशात हात घालतात, म्हणून मास्कवाटप त्यांच्या आधी होते.

हे पुस्तक वाचणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना, आशाताईंना एक विनंती आहे. सोलापूर, नगर, नाशिक, भंडारा-गोंदिया भागात तुमच्यापुढे खोकणारी, कंबर धरून बसलेली बाई आली की केसपेपरवर व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहिण्याआधी तिला विचारा: विड्या वळतेस का, दिवसाला किती, किती वर्षे, आणि खोलीला खिडकी आहे का. उत्तर तिच्यासमोर कागदावर लिहा आणि त्या कागदाची एक प्रत तिच्याकडे राहू द्या. उद्या भरपाईचा दावा उभा राहिलाच, तर पुरावा म्हणून तोच कागद लागेल.